बारावीचा शेवटचा पेपर ते विद्यापीठाची निवड चाचणी: शालेय खेळाडूची तयारी टप्प्याटप्प्याने

अकरावी-बारावी कॉलेजच्या इमारतीत होत असली, तरी खेळाच्या हिशेबात मुलं तेव्हाही शाळेतच असतात. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाच्या १९ वर्षांखालील शालेय स्पर्धा हेच त्यांचं मैदान. खरा कॉलेजचा खेळ पदवीच्या पहिल्या वर्षी सुरू होतो. आंतरविद्यापीठ स्पर्धांची वयोमर्यादा १७ ते २५ आहे. म्हणजे नुकतीच अठरा पूर्ण केलेली मुलगी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षातल्या, सहा-सात वर्षं वजनं उचललेल्या मुलीशेजारी स्टार्टला उभी राहते.

दरवर्षी घडतं ते असं. हिवाळ्यात राज्यस्पर्धा खेळलेला मुलगा फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा देतो, एप्रिल-मेमध्ये सीईटी देतो, जूनमध्ये प्रवेशाच्या रांगेत उभा राहतो. चार महिने मैदान बंद. जुलै-ऑगस्टमध्ये तो थेट सीनियर मुलांच्या सरावात उतरतो आणि सप्टेंबरात मांडीमागचा स्नायू धरून बसतो. मुलगा कमकुवत नसतो. कामांचा क्रम चुकलेला असतो. हा लेख तो क्रम लावण्यासाठी आहे. तो मुख्यतः मैदानी खेळांच्या अंगाने लिहिला आहे, पण कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉलच्या क्रीडाशिक्षकांना आणि पालकांना बहुतेक भाग तसाच लागू पडेल.

## १. मार्च: आधी तपासण्या, मग सराव

पेपर संपल्यावर पहिल्या आठवड्यात डॉक्टरांकडे जा. "फिट" असा शिक्का मारून घेण्यासाठी नको. पुढच्या चार गोष्टी विचारण्यासाठी जा.

हृदय. पळताना कधी चक्कर येऊन पडला का? छातीत दुखलं का? घरात कुणी पन्नाशीच्या आत अचानक गेलं का? यातल्या एकाचंही उत्तर "हो" असेल, तर ईसीजी आणि हृदयरोगतज्ज्ञांचं मत आल्याशिवाय जोराचा सराव नाही. परिश्रमानंतर आलेली चक्कर आणि ऐन धावताना आलेली बेशुद्धी यांत फरक आहे. दुसरी गोष्ट नेहमी गंभीर समजा.

रक्त. हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही तपासा. हिमोग्लोबिन ठीक दिसत असतानाही शरीरातला लोहाचा साठा रिकामा असू शकतो, आणि मग ८०० मीटरचा दुसरा फेरा दरवेळी कोसळतो. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळतो, त्यामुळे मुलींच्या बाबतीत ही तपासणी टाळूच नका.

पाळी. सलग तीन महिने पाळी आली नसेल, तर ती "सरावामुळे होतंच" म्हणून सोडून देऊ नका. बहुतेकदा खाणं सरावाच्या मानाने कमी पडत असतं, आणि त्याची किंमत हाडं मोजतात. पुढच्या हंगामात नडगीचं हाड चिरतं ते यातूनच. हा प्रश्न शिक्षकाला विचारायला अवघड वाटत असेल, तर आईला किंवा शिक्षिकेला विचारायला सांगा, पण तो विचारला गेलाच पाहिजे.

सिकलसेल, म्हणजे आईवडिलांकडून येणारा लाल पेशींचा आजार. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार, धुळे आणि पालघरच्या आदिवासी पट्ट्यातल्या मुलांसाठी हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. वाहक, म्हणजे एकाच पालकाकडून हा दोष आलेला खेळाडू रोजच्या आयुष्यात पूर्ण निरोगी असतो. पण उन्हात, विश्रांती न देता, एकामागून एक जोराचे फेरे करून घेतले तर त्याच्या लाल पेशी विळ्यासारख्या वळून स्नायूंचा रक्तपुरवठा तुटू शकतो. अमेरिकेत राइस विद्यापीठाचा डेल लॉइड हा १९ वर्षांचा खेळाडू २००६ साली असाच सरावानंतर दगावला. त्यानंतर तिथल्या पहिल्या श्रेणीच्या कॉलेजांत २०१० पासून ही तपासणी सुरू झाली. आपल्याकडे १ जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान चालू आहे आणि सरकारी आरोग्य केंद्रांत तपासणी होते. ती करून घ्या.

> सावधान: वाहक असणं म्हणजे खेळ बंद असं अजिबात नाही. अशा मुलाला संघातून वगळू नका. फेऱ्यांमध्ये पुरेशी विश्रांती, पाणी, सावकाश चढवलेला सराव आणि "पाय भरून आले" म्हटल्याबरोबर थांबू देणं एवढंच त्याला लागतं.

## २. एप्रिल ते जून: भार चढवायचा, तोही मोजून

सर्वाधिक चुका इथे होतात, म्हणून इथे थोडं थांबू.

सराव "जास्त झाला" की "कमी पडला" हे अंदाजाने ठरवू नका. मोजायची सोपी रीत आहे. सराव संपल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी मुलाला विचारा: आजचा सराव किती कठीण गेला, ० ते १० मध्ये सांग. तो आकडा सरावाच्या मिनिटांनी गुणा. ६० मिनिटांचा सराव आणि उत्तर ५, म्हणजे ३०० गुण. आठवड्याची बेरीज वहीत लिहा. घड्याळ, पट्टा, ॲप काही लागत नाही.

आता एका साधारण खेळाडूचा हिशेब पाहू. परीक्षेच्या काळात तो आठवड्यातून दोनदा ४० मिनिटं हलकं पळत होता, कठीणपणा ४. बेरीज ३२०. कॉलेजचा पूर्ण सराव सहा दिवस, दोन तास, कठीणपणा ७ असा धरला तर बेरीज ५,०४०. म्हणजे सोळापटीहून थोडी कमी उडी. ती जुलैच्या एका सोमवारी मारायला लावणं हाच तो अपघात.

मधल्या चौदा आठवड्यांत पायऱ्या अशा बांधा:

- पहिले दोन आठवडे: ४ दिवस, ४५ मिनिटं, कठीणपणा ४. बेरीज ७२०.
- तिसरा ते सहावा: ५ दिवस, ६० मिनिटं, कठीणपणा ५. बेरीज १,५००.
- सातवा ते दहावा: ५ दिवस, ७५ मिनिटं, कठीणपणा ६. बेरीज २,२५०.
- अकरावा ते चौदावा: ६ दिवस, ९० मिनिटं, कठीणपणा ६. बेरीज ३,२४०.

प्रत्येक नव्या पायरीचा पहिला आठवडा पूर्ण आकड्यावर नेऊ नका, मधल्या आकड्यावर ठेवा. दर चौथा आठवडा एक तृतीयांशाने हलका करा. सीईटीच्या आठवड्यात सराव निम्मा झाला तरी चालेल, शून्य नको. रोज पाऊण तास मैदानावर गेल्याने कुणाचे पर्सेंटाइल पडत नाहीत, हे पालकांना समोर बसवून सांगावं लागतं. सांगा.

या काळात सरावात काय असावं? पहिले सहा आठवडे सावकाश लांब पळणं, दोरीच्या उड्या आणि ताकदीच्या मूळ हालचाली: बैठक, पाठ सरळ ठेवून कंबरेतून वाकून वजन उचलणं, जोर, पुलअप, एका पायावरचा तोल. बारबेल हाती देण्याआधी रिकाम्या दांड्यावर बैठक नीट जमली पाहिजे. टाचा उचलल्या जात असतील, गुडघे आत वळत असतील, तर वजन वाढवायचं नाही. कॉलेजच्या जिममध्ये सीनियर मुलांच्या नादाने पहिल्याच दिवशी दांड्यावर प्लेटा चढतात, आणि तिथे थांबवायला कुणी नसतं. म्हणून ही शिस्त तुमच्याकडूनच जायला हवी.

सातव्या आठवड्यापासून नॉर्डिक हॅमस्ट्रिंग घ्या: गुडघ्यांवर उभं राहायचं, जोडीदाराने घोटे धरायचे, अंग सरळ ठेवून हळूहळू पुढे झुकायचं. आठवड्यातून दोनदा, सुरुवातीला पाच-पाचचे दोनच सेट. हा व्यायाम नियमित करणाऱ्या संघांत मांडीमागच्या स्नायूच्या दुखापती साधारण निम्म्यावर येतात. त्यासाठी लागते एक सतरंजी आणि एक मित्र. उड्या मारणाऱ्या आणि कबड्डी-खो-खो खेळणाऱ्या मुलींना उडीवरून उतरताना गुडघे आत न वळू देण्याचा सराव याच काळात द्या. गुडघ्याचा लिगामेंट तुटला की वर्ष जातं.

> सावधान: एप्रिल-मे आहे. विदर्भ-मराठवाड्यात सकाळी साडेसातच्या आत सराव संपवा. उन्हात पळताना मुलगा असंबद्ध बोलू लागला, अडखळू लागला तर उष्माघात समजा. गाडीची वाट पाहत बसू नका. आधी तिथेच गार पाण्यात बसवा किंवा अंगावर पाणी ओतत राहा, मग रुग्णालय.

> तपासा: जूनच्या शेवटी वहीतले शेवटचे दोन आठवडे ३,००० च्या आसपास आहेत का? नसतील तर पुढच्या टप्प्यांच्या तारखा पुढे ढकला. आकडा घाईने फुगवू नका.

## ३. जूनपासून: नवं वजन, नवी उंची, नवं मैदान

विद्यापीठ स्पर्धांत खुल्या गटाची साधनं असतात. मुलांना हा धक्का नीट समजावून सांगा.

मुलांचा गोळा १८ वर्षांखालील गटात ५ किलो, २० खालील गटात ६ किलो आणि खुल्या गटात ७.२६ किलो असतो. थाळी १.५, १.७५ आणि २ किलो. भाला ७०० ग्रॅमवरून ८०० ग्रॅम. ११० मीटर अडथळ्याची उंची ९१.४ सेंटीमीटरवरून ९९.१ आणि मग १०६.७. मुलींचा गोळा ३ वरून ४ किलो, भाला ५०० वरून ६०० ग्रॅम, १०० मीटर अडथळे ७६.२ वरून ८३.८ सेंटीमीटर. मुलींची थाळी मात्र १ किलोचीच राहते.

ठरलेली चूक अशी: जड गोळा हातात आला की रोज तोच फेकायचा. मग हात कोपरातून खाली पडतो, पाय फिरायच्या आत खांदा पुढे जातो, आणि दोन महिन्यांत घडवलेलं तंत्र मोडतं. सुरुवातीला चार फेकींत एक जड आणि तीन ओळखीच्या वजनाच्या ठेवा. तंत्र टिकलं तर दर दोन-तीन आठवड्यांनी प्रमाण वाढवा. अडथळ्यांतही ९१.४ वरून एकदम १०६.७ वर नेऊ नका. ९९.१ वर तीन पावलांची लय बसली की मगच पुढची उंची, आणि सुरुवातीला तीनच अडथळे.

लांब पल्ल्याच्या मुलांसमोर आता १०,००० मीटर, अर्ध मॅरेथॉन आणि क्रॉस कंट्री असते. या वयात अर्ध मॅरेथॉनच्या मोहात पाडू नका. पहिलं वर्ष ५,००० मीटरलाच द्यावं असं माझं ठाम मत आहे. कॉलेजला गुण हवे असतात म्हणून एका मुलाच्या नावावर तीन-तीन लांब शर्यती चढवल्या जातात, आणि नकार द्यायचं धाडस अठराव्या वर्षी नसतं. ते शब्द त्याला आधीच शिकवून ठेवा.

मैदानही बदलतं. तालुक्याला मातीवर पळालेल्या मुलाची नडगी सिंथेटिक ट्रॅकवर पहिल्या दोन आठवड्यांत दुखायला लागते. पुण्यात बालेवाडीला किंवा जवळच्या सिंथेटिक ट्रॅकवर आधी आठवड्यातून एकदा, मग दोनदा न्या. सिंथेटिकवर स्पाइकचे खिळे ९ मिलिमीटरपेक्षा लांब चालत नाहीत, फक्त उंच उडी आणि भालाफेकीला १२ पर्यंत परवानगी असते. काही मैदानांवर याहून आखूडच लागतात. मातीचे लांब खिळे घेऊन गेलेला मुलगा कॉल रूममध्ये, म्हणजे शर्यतीआधीच्या तपासणीच्या खोलीत, अडतो. कबड्डीवाल्यांनी मॅटचे बूट जूनमध्येच घ्यावेत. मातीवर अनवाणी पकड केलेल्या पायाला मॅटवर घोटा मुरगळायला वेळ लागत नाही.

## ४. प्रवेश आणि कागद

कॉलेज निवडताना "तिथे खेळाला प्रोत्साहन आहे" एवढ्यावर जाऊ नका. जिमखान्यात जाऊन विचारा: रोज सराव कोण घेतं? मैदान वसतिगृहापासून किती लांब? मागच्या वर्षी या खेळात संघ पाठवला होता का? दुखापत झाली तर कुठे नेता? आणि एकदा सरावाच्या वेळी न सांगता जाऊन उभे राहा.

दहावीचं प्रमाणपत्र, बारावीची गुणपत्रिका, आधार यांवर नाव आणि जन्मतारीख तंतोतंत सारखी आहे का पाहा. वडिलांच्या नावातल्या एका अक्षराच्या फरकावरून पात्रता अर्ज परत येतो. सगळ्या क्रीडा प्रमाणपत्रांच्या मूळ प्रती घरी ठेवा, कॉलेजला छायाप्रती द्या.

> सावधान: अभियांत्रिकीसारख्या अभ्यासक्रमांच्या प्रवेशफेऱ्या लांबतात आणि तोवर आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांच्या नोंदणीची मुदत निघून जाते. प्रवेश पक्का झाला त्याच दिवशी शारीरिक शिक्षण संचालकांना भेटून नाव द्या.

## ५. कॉलेजचे पहिले चार आठवडे

तयारी उत्तम झाली तरी पहिल्या आठवड्यात सराव कमीच करायचा. हे पटवणं सगळ्यात कठीण जातं, कारण मुलाला स्वतःला सिद्ध करायचं असतं. अमेरिकेतल्या ताकद-प्रशिक्षकांच्या दोन संघटनांनी २०१९ मध्ये सुट्टीनंतरच्या सरावासाठी नियम दिले: धावण्या-दमवण्याचं काम पहिल्या आठवड्यात किमान ५० टक्के आणि दुसऱ्या आठवड्यात किमान ३० टक्के कमी. पहिल्या आठवड्यात कामाच्या चौपट विश्रांती, दुसऱ्यात तिप्पट. २० सेकंदांचा जोराचा फेरा असेल, तर ८० सेकंद थांबा.

हे नियम कुठून आले तेही मुलांना सांगा. जानेवारी २०११ मध्ये आयोवा विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाने सुट्टीनंतर लगेच बैठकांचा भयंकर सराव केला आणि १३ खेळाडू रुग्णालयात गेले. अतिश्रमाने स्नायू फुटून त्यातली द्रव्यं रक्तात आली होती, आणि त्याने मूत्रपिंडं धोक्यात येतात. आपल्याकडे याच प्रकाराला शिक्षा म्हणून दिलेल्या शंभर-दोनशे बैठका आणि बेडूकउड्या म्हणतात. नव्या मुलांकडून त्या करून घेणं बंद झालं पाहिजे.

वरच्या हिशेबात बसवून पाहा. ५,०४० चा निम्मा भाग २,५२०, तीस टक्के कमी केले तर ३,५२८. जून संपताना मुलगा ३,२४० वर होता. म्हणजे पहिला आठवडा त्याला हलका जाईल आणि दुसऱ्यात तो थोडाच वर चढेल. टप्पा २ नीट केल्याचं फळ हे असं दिसतं.

> सावधान: सरावानंतर स्नायू दगडासारखे सुजले, दुखणं नेहमीसारखं नाही, आणि लघवी कोऱ्या चहासारखी झाली तर त्याच दिवशी रुग्णालय. दुखण्याची गोळी घेऊन झोपू नका. मूत्रपिंडांवर ताण असताना ती गोळी अपाय करते.

## ६. खोली, मेस आणि झोप

घर सुटल्यावर पहिल्यांदा जेवण बिघडतं. मेसची पातळ आमटी आणि चार पोळ्यांवर सहा दिवसांचा सराव होत नाही. सराव करणाऱ्याला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण १.४ ते १.८ ग्रॅम प्रथिनं लागतात. ६० किलोच्या मुलाला ८४ ते १०८ ग्रॅम.

ते जमवायला महागडा डबा लागत नाही. अर्धा लिटर दूध १६ ग्रॅम, चार अंडी २४, पन्नास ग्रॅम मटकी किंवा मूग भिजवून केलेली उसळ १२, तीस ग्रॅम सोयाबीनच्या वड्या १५, मूठभर म्हणजे चाळीस ग्रॅम शेंगदाणे १०, दिवसभरातल्या भाकऱ्या-पोळ्या मिळून ३०. बेरीज १०७. अंडी न खाणाऱ्याने वड्या, दही, डाळ वाढवावी. घर सोडण्याआधी मुलाला आणि मुलीलाही कुकर लावणं, अंडी उकडणं, कडधान्य भिजत घालणं आलं पाहिजे.

झोप आठ तासांच्या खाली नको. पहाटे साडेपाचला मैदानावर जायचं, तर नऊला दिवा बंद. चौघांच्या खोलीत हे सहज होत नाही, म्हणून शक्य असेल तिथे खेळाडूंनी एकत्र खोली घ्यावी.

## ७. पावडर, गोळी आणि सलाईन

डोपिंगच्या, म्हणजे खेळात निषिद्ध असलेल्या औषधांच्या बाबतीत अज्ञान माफ होत नाही. शरीरात जे सापडलं त्याची जबाबदारी खेळाडूची, मग ते कुणीही दिलेलं असो. विद्यापीठ स्तरावरही नाडाचे, म्हणजे राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्थेचे अधिकारी तपासणीला येऊ शकतात.

गावाकडे तीन गोष्टी सर्रास घडतात. सर्दीच्या गोळीत स्यूडोएफेड्रिन असतं आणि स्पर्धेच्या काळात ते ठरावीक प्रमाणावर गेलं की दोष ठरतो. खांदा-गुडघा दुखतो म्हणून डॉक्टर स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात. २०२२ पासून स्पर्धाकाळात अशा स्टेरॉइडचं (ग्लुकोकॉर्टिकॉइडचं) कुठलंही इंजेक्शन निषिद्ध आहे. आणि तिसरी, अशक्तपणा वाटतो म्हणून सलाईन. बारा तासांत १०० मिलिलिटरपेक्षा जास्त शिरेवाटे घेणं, रुग्णालयातल्या खऱ्या उपचाराचा भाग असल्याशिवाय, नेहमीच निषिद्ध आहे. त्यात नुसतं मीठपाणी असलं तरीही.

जिममधल्या दादाने डब्यातून काढून दिलेली पावडर घ्यायची नाही. खाद्यसुरक्षेचा परवाना छापलेला आहे म्हणजे ती डोपिंगच्या दृष्टीने सुरक्षित आहे असं होत नाही. खरंच आजार असेल आणि निषिद्ध औषध लागणारच असेल, तर उपचारासाठीची सवलत आधी अर्ज करून मागता येते. डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगायला शिकवा: "मी खेळाडू आहे, माझी तपासणी होऊ शकते."

## ८. वही सोपवा

शाळेतल्या सरांनी सहा-सात वर्षं जे पाहिलं, त्यातलं एक अक्षरही कॉलेजच्या प्रशिक्षकापर्यंत पोहोचत नाही. तिथे मुलगा म्हणजे एक नाव आणि एक वेळ. म्हणून जुलैमध्ये दोन पानं लिहून द्या: आजवरच्या दुखापती आणि कुठली बाजू, रक्ताचे आणि सिकलसेलचे अहवाल (मुलाच्या आणि पालकांच्या संमतीने), चौदा आठवड्यांच्या बेरजा, ताकदीच्या हालचालींत सध्याचं वजन, कुठल्या साधनावर तंत्र मोडतं, आणि शेवटची स्पर्धा कधी. शक्य असेल तर फोन न करता स्वतः जाऊन भेटा. बहुतेक प्रशिक्षकांना हे हवंच असतं, फक्त आजवर कुणी आणून दिलेलं नसतं.

हजेरीचंही याच भेटीत बोलून घ्या. सत्रपरीक्षा आणि स्पर्धा दोन्ही दिवाळीच्या आगेमागे येतात. संघाबरोबर जाण्याआधी जिमखान्याचं पत्र विभागप्रमुखांच्या हातात पडलं पाहिजे. परतल्यावर दिलेल्या पत्रावर प्रात्यक्षिकं पुन्हा घेतली जातीलच असं नाही. पत्राची पोच घ्या आणि वहीतच चिकटवा.

पहिले सहा आठवडे दर रविवारी मुलाला फोन करून चारच प्रश्न विचारा: आठवड्याची बेरीज किती, झोप किती, कुठे दुखतंय, वजन किती. वजन दोन किलोने उतरलं असेल किंवा तीच जागा सलग दोन रविवारी दुखत असेल, तर पुढच्या रविवारपर्यंत थांबू नका. त्याच दिवशी प्रशिक्षकाला फोन करा.